जहाजावरची रेघ

मुलांनो, मोठे मालवाहू जहाज तुम्ही मुंबईच्या बंदरात पाहिले असेल. प्रत्यक्ष नाही तर चित्रात तरी नक्कीच. अशा जहाजाच्या बाजूवर, साधारण मध्यभागी, एक वर्तुळ रंगवलेले असते. त्या वर्तुळाला एक आडवी रेघ छेदून जाते. माल भरताना जहाज किती बुडू द्यायचे, याची ती खूण आहे. जगभरचे दर्यावर्दी तिला प्लिम्सॉलची रेघ म्हणतात. ज्यांचे नाव या रेघेला मिळाले, ते सॅम्युएल प्लिम्सॉल खलाशी नव्हते, कप्तानही नव्हते. ते कोळशाचे व्यापारी होते.

या रेघेचे महत्त्व समजण्यासाठी घरी एक छोटा प्रयोग करा. बादलीभर पाण्यात एक रिकामा डबा सोडा आणि त्यात एकेक खडा टाकत जा. डबा हळूहळू खाली जाईल, पण तरंगत राहील. त्याची कड पाण्यापासून बोटभरच वर राहिली, की हाताने पाणी थोडे हलवा. एक लहानशी लाट आत शिरेल आणि डबा तळाला जाईल. जहाजाचेही तसेच असते. पाण्याच्या वर राहिलेला भाग रिकामा आणि फुकट गेलेला वाटतो; पण वादळात लाटा डेकवर आल्या किंवा कुठे भोक पडून पाणी आत शिरले, तर तोच भाग जहाजाला तारतो. तो ठेवलाच नाही, तर खलाशांनी पंप कितीही चालवले तरी उपयोग होत नाही.

सॅम्युएलचा जन्म १० फेब्रुवारी १८२४ रोजी इंग्लंडमधील ब्रिस्टल या बंदराच्या शहरात झाला. पुढे त्याचे कुटुंब शेफील्डला गेले. शाळा लवकर सुटली. तो कारकून झाला आणि हुशारीने एका कारखान्याचा व्यवस्थापक बनला. १८५३ साली त्याने लंडनमध्ये कोळशाचा व्यापार सुरू केला आणि त्यात साफ बुडाला. आठवड्याला आठ शिलिंगांपेक्षाही कमी पैशांत त्याला दिवस काढावे लागले. मजुरांसाठी असलेल्या स्वस्त निवासात तो राहिला. तिथे गरीब माणसे एकमेकांना कशी सांभाळून घेतात, हे त्याने जवळून पाहिले. नंतर कोळशाच्याच धंद्यात तो सावरला आणि श्रीमंतही झाला. पण ते दिवस तो विसरला नाही. माझ्या मते त्याचे खरे शिक्षण त्याच निवासात झाले.

१८६८ मध्ये प्लिम्सॉल डर्बी शहरातून पार्लमेंटवर निवडून आले. त्या काळी इंग्लंडची शेकडो जहाजे दरवर्षी समुद्रात नष्ट होत. त्यांतील काही जहाजे जुनी आणि कुजकी असत. मालक त्यांत मर्यादेबाहेर माल भरत आणि भरपूर रकमेचा विमा उतरवत. जहाज पोहोचले तर भाडे मिळे, बुडाले तर विम्याचे पैसे मिळत. मालकाचे नुकसान कोणत्याच बाजूने नसे. मरत ते खलाशी. लोक अशा जहाजांना शवपेट्या म्हणू लागले होते. सगळेच मालक असे नव्हते. न्यूकॅसलचे जेम्स हॉल हे स्वतः जहाजमालक होते आणि माल भरण्यावर मर्यादा हवी, असे प्लिम्सॉल यांच्याही आधीपासून सांगत होते.

तुम्ही विचाराल, मग खलाशी अशा जहाजावर जातच का? कारण करारावर सही केल्यावर जहाजावर चढायला नकार देणे हा गुन्हा होता. जहाज धोक्याचे आहे असे म्हणून मागे फिरलेल्या कितीतरी खलाशांना तुरुंगात जावे लागले. एकीकडे समुद्र, दुसरीकडे तुरुंग!

१८७३ मध्ये प्लिम्सॉल यांनी खलाशांच्या हालांवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. देशात खळबळ उडाली. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. पुस्तकात काही चुका होत्या आणि प्लिम्सॉल यांचा स्वभावही तापट होता. त्यामुळे काही मालकांनी त्यांच्यावर बदनामीचे खटले भरले. आयोगानेही रेघेच्या बाजूने मत दिले नाही. तरी ते मागे हटले नाहीत. त्यांच्या पत्नी एलायझा या सर्व कामात त्यांच्यासोबत होत्या.

२२ जुलै १८७५ हा दिवस लक्षात ठेवण्यासारखा आहे. जहाजांच्या सुरक्षेचे विधेयक यंदा पुढे नेता येणार नाही, असे पंतप्रधान डिझरायली यांनी पार्लमेंटमध्ये जाहीर केले. प्लिम्सॉल यांचा संयम सुटला. ते सभागृहाच्या मध्यभागी आले, मूठ उगारली आणि जहाजमालक असलेल्या सभासदांना कठोर शब्द वापरले. शब्द मागे घ्यायला त्यांनी नकार दिला, तेव्हा त्यांना बाहेर जावे लागले. आठवड्याने त्यांनी भाषेबद्दल माफी मागितली. पण सांगितलेली हकिगत मात्र मागे घेतली नाही. सभागृहातले हे वागणे शिस्तीचे नव्हते, हे खरे. पण गावोगावी सभा झाल्या आणि काही आठवड्यांतच तात्पुरता कायदा झाला. जहाज धोक्याचे असल्याची तक्रार आता खलाशांना करता येऊ लागली आणि त्यावर तपासणी होऊ लागली.

१८७६ च्या कायद्याने जहाजावर रेघ काढणे सक्तीचे झाले. पण या कायद्यात एक मोठी पळवाट होती. रेघ किती उंचीवर काढायची, हे मालकानेच ठरवायचे होते! एका कप्तानाने ती चक्क धुराड्यावर काढली, असे सांगतात. रेघेची जागा कायद्याने ठरायला १८९० साल उजाडावे लागले. म्हणजे आणखी चौदा वर्षे गेली.

या कायद्याचा संबंध आपल्या किनाऱ्याशीही येतो. कोकणातले, विशेषतः रत्नागिरीकडचे, पुष्कळ मुसलमान खलाशी त्या काळी मुंबईहून निघणाऱ्या इंग्रज कंपन्यांच्या आगबोटींवर काम करत. रेघ इंग्लंडच्या जहाजांना लागू झाली, तशी ती या खलाशांच्याही वाट्याला आली. त्यांना प्लिम्सॉल हे नाव ठाऊक असो वा नसो.

प्लिम्सॉल यांनी १८८० मध्ये पार्लमेंट सोडले. पुढे जहाजांतून कोंबून नेल्या जाणाऱ्या गुराढोरांच्या हालांविषयीही त्यांनी पुस्तक लिहिले. ३ जून १८९८ रोजी फोकस्टन येथे त्यांचे निधन झाले. १९२९ मध्ये खलाशांच्या संघटनेने लंडनला थेम्स नदीकाठी त्यांचे स्मारक उभारले आणि १९३० मध्ये रेघेविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला. १९६६ मध्ये त्या जागी नवा करार आला.

आता वर्तुळाशेजारी आणखी काही लहान रेघा असतात. उष्ण प्रदेशातल्या समुद्रात जहाजाला थोडे जास्त बुडू देतात, हिवाळ्यातल्या खवळलेल्या समुद्रात कमी. नदीच्या गोड्या पाण्यासाठी वेगळी रेघ असते, कारण गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने त्यात जहाज अधिक खाली जाते. आणि इंग्लंडमधली मुले कवायतीच्या कॅनव्हासच्या बुटांनाही प्लिम्सॉल म्हणतात. त्या बुटांवर कापड आणि रबर जिथे जुळतात तिथे एक रेघ असते. पाणी तिच्या वर आले की पाय भिजतात.