डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस : वस्तीत राहून वस्तीचे सत्य मांडणारा विद्वान

विल्यम एडवर्ड बर्गहार्ट डू बॉईस यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८६८ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात झाला. १८९५ मध्ये हार्वर्डची पीएच.डी. मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन. पुढच्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डातील कृष्णवर्णीयांच्या अभ्यासासाठी नेमले. शहराच्या अधोगतीला हेच लोक जबाबदार, असे प्रतिष्ठितांनी आधीच ठरवले होते.

नवविवाहित डू बॉईस पत्नी नीनासह त्याच वस्तीत, एका खानावळीवरच्या खोलीत राहिले. भोवती घाण, दारू, दारिद्र्य. गल्लीतली पोरे खेळही चोर-पोलिसांचेच खेळत. रात्री पिस्तुलाचे बार ऐकू आले की अंथरुणातून उठायचे नाही, हे अंगवळणी पडले. दिवसा प्रश्नावली घेऊन ते एकटेच दारोदार फिरत. सुमारे २५०० कुटुंबांना ते भेटले. आपल्याला तपासले जाणे लोकांना खटकले. आपल्याच माणसांविषयी आपल्याला किती कमी माहीत आहे, हे त्यांनाही उमगले.

१८९९ मध्ये ‘द फिलाडेल्फिया निग्रो’ हा ग्रंथ आला. तुटपुंजी मजुरी, चढे घरभाडे, रोजगाराची बंद दारे आणि गुलामगिरीचा वारसा त्यांनी आकड्यांनिशी मांडला. दोष रक्तात नसून परिस्थितीत होता.

१९४६ मध्ये बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या कृष्णवर्णीयांच्या निवेदनाच्या प्रती मागवल्या. २७ ऑगस्ट १९६३ रोजी घानातील अक्रा येथे डू बॉईस यांचे निधन झाले.

आपल्या वस्त्यांना बदनाम करणारे आजही कमी नाहीत. तरुणांनो, वही-पेन घेऊन दारोदार जा. आपली आकडेवारी आपणच गोळा करू.