सिंबिर्स्कच्या ग्रामीण शाळांचे शिल्पकार इल्या उल्यानोव्ह

व्होल्गा नदीकाठचे उल्यानोव्स्क हे रशियन शहर १९२४ पर्यंत सिंबिर्स्क या नावाने ओळखले जात असे. व्लादिमीर लेनिन यांचे हे जन्मगाव. त्यांच्या उल्यानोव्ह या मूळ आडनावावरून शहराचे नामांतर झाले. मात्र त्याच्या कितीतरी आधी हे आडनाव या प्रांतातील खेड्यापाड्यांत परिचित झाले होते, ते लेनिन यांचे वडील इल्या निकोलायेविच उल्यानोव्ह यांच्या शैक्षणिक कार्यामुळे.

इल्या उल्यानोव्ह यांचा जन्म १८३१ मध्ये अस्त्राखान येथे एका शिंप्याच्या घरी झाला. बालपणीच पितृछत्र हरपल्यानंतर थोरले बंधू वसिली यांनी त्यांच्या शिक्षणाचा भार उचलला. कझान विद्यापीठातून १८५४ मध्ये पदवी संपादन केल्यावर त्यांनी पेंझा आणि निझनी नोव्हगोरोद येथे गणित व भौतिकशास्त्राचे अध्यापन केले.

रशियात १८६१ मध्ये भूदासप्रथा रद्द झाली. परंतु शेतकऱ्यांच्या मुलांना अक्षरओळखही दुर्लभ होती. १८६९ मध्ये उल्यानोव्ह यांची सिंबिर्स्क प्रांतातील प्राथमिक शाळांचे निरीक्षक म्हणून नियुक्ती झाली. कागदोपत्री नोंद असलेल्या अनेक शाळा प्रत्यक्षात भरतच नव्हत्या, तर बहुतेक शिक्षक अप्रशिक्षित होते. उल्यानोव्ह यांनी हिवाळ्यातही दूरदूरच्या गावांचा प्रवास करून ग्रामसभांना शाळेच्या इमारतीसाठी खर्च करण्यास राजी केले. त्यांनी शिक्षकांसाठी प्रशिक्षणवर्ग चालवले. पोरेत्स्कोये येथे १८७२ मध्ये अध्यापक विद्यालय सुरू झाले. त्यांच्या हाताखाली तयार झालेले शिक्षक ‘उल्यानोव्हचे शिक्षक’ म्हणूनच ओळखले जात. १८७४ मध्ये ते शाळांचे संचालक झाले.

रशियनेतर समाजांच्या शिक्षणाकडेही त्यांनी लक्ष दिले. इव्हान याकोव्हलेव्ह या चुवाश तरुणाने विद्यार्थिदशेतच, १८६८ मध्ये, आपल्या समाजातील मुलांसाठी सिंबिर्स्क येथे शाळा सुरू केली होती. याकोव्हलेव्ह उच्च शिक्षणासाठी कझानला गेल्यावर उल्यानोव्ह यांनी या शाळेचा सांभाळ केला आणि तिला सरकारी साहाय्य मिळवून दिले. पुढे चुवाश भाषेतील शिक्षणाचे ती प्रमुख केंद्र बनली.

या कार्याबद्दल १८८२ मध्ये त्यांना संत व्लादिमीर सन्मान आणि त्यासोबत वंशपरंपरागत सरदारकी मिळाली. मात्र १८८४ मध्ये शासनाचे धोरण पालटले आणि चर्चच्या आधिपत्याखालील शाळांना प्राधान्य मिळू लागले. ज्या शासनाची त्यांनी निष्ठेने सेवा केली, त्याच शासनाच्या निर्णयामुळे त्यांनी उभारलेल्या शाळांचे भवितव्य अनिश्चित झाले. वार्षिक अहवालाच्या कामात व्यग्र असतानाच जानेवारी १८८६ मध्ये, वयाच्या ५४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यावेळी प्रांतात चारशेहून अधिक प्राथमिक शाळा होत्या.

शहराचे नाव पुत्राच्या स्मरणार्थ ठेवले गेले असले, तरी उल्यानोव्स्क येथील अध्यापनशास्त्र विद्यापीठ आणि चेबोक्सारी येथील चुवाश विद्यापीठ ही दोन विद्यापीठे इल्या उल्यानोव्ह यांचेच नाव धारण करतात.