वापरलेली पितळी पुंगळी पुन्हा भरता येते, ती कुणामुळे?

अंबरनाथच्या आयुध निर्माणीत पितळी काडतुसांचं काम चालतं. या पितळी काडतुसामागे एक मोठं नाव आहे, एडवर्ड बॉक्सर.

१८२२ सालचा जन्म. तोफखान्यातला हा इंग्रज अधिकारी १८५५ मध्ये वूलिचच्या रॉयल लॅबोरेटरीचा प्रमुख झाला. दोनच वर्षांनी दातांनी फोडायचं कागदी काडतूस १८५७ च्या उठावाचं एक निमित्त ठरलं. त्याच एनफिल्ड रायफली पुढे बदलून मागून भरायच्या ‘स्नायडर’ झाल्या आणि १८६६ मध्ये बॉक्सरने त्यांच्यासाठी पितळी काडतूस आणलं.

त्याच्या रचनेत पुंगळीच्या तळाला मधोमध एकच भोक होतं. त्यामुळे वापरलेली टोपी आतून सळईने ढकलून काढता येते. अमेरिकन हायरम बर्डनच्या रचनेत सहसा दोन भोकं, तिथे हे जमत नाही.

पुढे अखंड पितळेच्या पुंगळ्या आल्या, भोक तेच राहिलं. नेमबाज अशा पुंगळीची मान साच्यात दाबून मापात आणतात. वारंवार दाबल्याने मान कडक होऊन तडकते, म्हणून तेवढीच तापवून मऊ करतात. तळ तापवायचा नाही. स्फोटाचा दाब तोच झेलतो.

बॉक्सर १८९८ मध्ये गेला. गंमत म्हणजे इंग्रजाची ही टोपी अमेरिकेने उचलली आणि अमेरिकनाची युरोपने!