तृष्णा जाणणारा पंडित : धर्मानंद कोसंबी

आचार्य धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ साली गोव्यातील साखवाळ गावी झाला. घरच्या नारळाच्या बागायतीत त्यांचे मन रमेना. बुद्धचरित्र वाचनात आले आणि तो धर्म मुळातून जाणण्याची ओढ लागली. १८९९ साली पत्नी व तान्ह्या मुलीला मागे ठेवून ते निघाले. पुणे, काशी, नेपाळ करत श्रीलंकेला पोहोचले, १९०२ साली भिक्षू झाले आणि पाली शिकले.

बुद्धांनी दुःखाचे मूळ तृष्णेत दाखवले. ती तीन प्रकारची : उपभोगाची, टिकून राहण्याची आणि नाहीसे होण्याचीही. सत्कार्याची इच्छा मात्र वेगळी. तिला पालीत कुशल छंद म्हणतात. कोसंबींची ओढ या छंदाची होती, तरी तिची किंमत घरच्यांनीही मोजली, हे विसरता येत नाही.

पुढे ते संसारात परतले. कलकत्ता विद्यापीठाची दरमहा अडीचशेची नोकरी नाकारून, महाराष्ट्रात काम करता यावे म्हणून त्यांनी सयाजीराव महाराजांचे पन्नास रुपये स्वीकारले. हार्वर्ड, फर्ग्युसन व अहमदाबादचे गुजरात विद्यापीठ येथेही त्यांनी काम केले. ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिला.

जून १९४७ मध्ये सेवाग्राम येथे अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला.

पोटासाठी गाव सोडून लिंबायतमध्ये स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांना गरज आणि हाव यांतला फरक रोजच पारखावा लागतो. अडीचशे सोडून पन्नास घेणारा हा माणूस मुलांना जरूर सांगावा.