एकटी विद्यार्थिनी : इंजिनिअर ए. ललिता

वर्धापनदिनाच्या अंकात एका कर्तबगार स्त्रीचे चरित्र असावे, असा आपल्याकडील स्मरणिकांचा जुना परिपाठ आहे. अहिल्याबाई, पंडिता रमाबाई, डॉक्टर आनंदीबाई यांच्या कथा आपल्या बहुतेक भगिनींना तोंडपाठ असतील. म्हणून या खेपेस जरा दूरच्या, मद्रासकडील एका बाईंची ओळख करून देण्याचे योजिले आहे. त्यांचे नाव अय्यलसोमयाजुल ललिता. नाव उच्चारताना आपली जीभ अडखळते खरी. पण त्या स्वतः ए. ललिता एवढेच लिहीत. विजेचे इंजिनिअरिंग शिकून पदवी घेतलेल्या त्या भारतातील पहिल्या स्त्री.

ललिताबाईंचा जन्म २७ ऑगस्ट १९१९ रोजी मद्रासेस एका तेलुगू कुटुंबात झाला. सात भावंडांत त्यांचा नंबर पाचवा. वडील पप्पू सुब्बाराव हे मद्रासजवळच्या गिंडी येथील इंजिनिअरिंग कॉलेजात विद्युत्-शास्त्राचे प्राध्यापक होते. १७९४ साली जमीनमोजणीची शाळा म्हणून सुरू झालेले हे कॉलेज म्हणजे आपल्या देशातील अगदी जुन्या विद्यालयांपैकी एक. वडील विद्वान, भाऊ इंजिनिअर. पण मुलींच्या बाबतीत घराची रीत चारचौघांसारखीच होती. मुलगे कॉलेजात जायचे आणि मुलींनी लिहिण्यावाचण्यापुरते शिकून सासरी जायचे. १९३४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, ललितेचे लग्न झाले. त्यातल्या त्यात वडिलांनी एवढे केले की लग्नानंतरही तिची शाळा दहावीपर्यंत चालू ठेवली. त्या वेळी ते कोणाला फारसे महत्त्वाचे वाटलेही नसेल. पण पुढची सारी इमारत उभी राहिली ती या दहावीच्या पायावर.

१९३७ साली त्यांना मुलगी झाली. बाळ चार महिन्यांचे असताना पती वारले. त्या वेळी ललिताबाई अठरा वर्षांच्या होत्या.

अठरा वर्षांच्या विधवेच्या कपाळी त्या काळी काय येत असे, हे महाराष्ट्रातील बायकांना निराळे सांगावयास नको. केशवपन, अलवण, मागील दाराची खोली आणि दोन्ही वेळची धुणीभांडी ही आपल्या आजी-पणजीच्या पिढीने डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट आहे. आपल्याकडे रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले आणि अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात आश्रमाची स्थापना केली. तशीच मद्रासेत सुब्बलक्ष्मी नावाच्या बालविधवेने स्वतः पदवीधर होऊन १९१२ साली आपल्यासारख्या मुलींसाठी घर उघडले होते. म्हणजे वाट अगदीच न मळलेली होती असे नाही. पण ती वाट बहुधा शिक्षिकेच्या खुर्चीपर्यंत आणि फार झाले तर दवाखान्यापर्यंत जाई. कारखान्याच्या दिशेला ती वळलेली नव्हती.

ललिताबाई माहेरी परत आल्या. वडिलांनी त्यांचे केशवपन होऊ दिले नाही, आणि पुनर्विवाहाचा विचार त्यांनी स्वतः केला नाही. पोटच्या मुलीला कोणाच्या उपकारावर वाढवायचे नाही, तर मिळवते व्हायचे, एवढे त्यांनी मनाशी ठरविले. मद्रासच्या क्वीन मेरी कॉलेजात त्या इंटरला बसल्या आणि पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्या.

पुढे काय, हा प्रश्न आला तेव्हा सर्वांच्या डोळ्यांपुढे डॉक्टरकी होती. हुशार मुलीने डॉक्टर व्हावे, यात नवल नव्हते. पण ललिताबाईंचा हिशेब साधा, आईचा होता. डॉक्टरीणबाईला अपरात्री बोलावणे येते. तान्ह्या मुलीला झोपेत सोडून जावे लागते. त्यापेक्षा सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येता येईल असे काम बरे. वडील आणि भाऊ ते काम करीत होते. घरात बोलणे निघे ते यंत्रांचे आणि विजेचे. तेव्हा त्यांनी इंजिनिअरिंग निवडले. मोठमोठ्या निर्णयांमागे मोठमोठे विचार असतात असे चरित्रकार लिहितात. येथे मात्र पाळण्यातल्या मुलीची सोय हाच विचार होता, आणि लेखिकेला तो कोणत्याही विचाराहून कमी वाटत नाही.

पण गिंडीच्या कॉलेजात स्त्रीला प्रवेश कसा मिळायचा? तेथे तोवर एकही मुलगी शिकली नव्हती. सुब्बाराव प्राचार्य के. सी. चाको यांच्याकडे गेले आणि शिक्षणखात्याचे डायरेक्टर आर. एम. स्टॅथम यांच्याकडेही गेले. दोघांनीही होकार दिला. हे वाचताना एक गोष्ट मनात आल्यावाचून राहत नाही. ललिताबाईंचे वडील त्याच कॉलेजात प्राध्यापक होते, म्हणून त्यांचा शब्द साहेबांच्या कानापर्यंत पोचला. एखाद्या कारकुनाची किंवा भटजीची तेवढीच हुशार मुलगी फाटकाशीच थांबली असती. ललिताबाईंच्या गुणांना यामुळे उणेपणा येत नाही. पण दार कोणासाठी आणि कसे उघडले, हे लक्षात ठेवलेले बरे.

कॉलेजात शेकडो मुलगे आणि या एकट्या. मुलांनी त्रास दिला असेल असे कोणासही वाटेल. तसे झाले नाही. मुलगे त्यांच्याशी चांगले वागत. कॉलेजने त्यांच्या राहण्याची निराळी व्यवस्थाही केली होती. जड गेला तो एकटेपणा. विजेचे गणित अवघड असते. डायनॅमो, मोटार, ट्रान्सफॉर्मर यांची आकडेमोड रात्र रात्र डोके खाते. अशा वेळी मुलगे एकमेकांच्या खोलीत जाऊन शंका विचारीत, गप्पा मारीत, चहा पीत. ललिताबाईंना बोलायला शेजारी कोणी नव्हते.

आणि मुलगी? ती मामाच्या घरी वाढत होती. आठवड्याच्या शेवटी ललिताबाई तिला भेटायला जात आणि पुन्हा गिंडीस परतत. इतर दिवशी तिला न्हाऊमाखू घालणे, भरविणे, ताप आला तर उशाशी बसणे हे त्या घरातील बायकांनी केले. पदवीपत्रावर त्यांची नावे नाहीत. आपल्यापैकी ज्यांनी जावेची किंवा नणंदेची मुले सांभाळली आहेत, त्यांना हे काम किती असते ते ठाऊक आहे.

एकटेपणाचा उपाय ललिताबाईंनी वडिलांपाशीच मागितला. आणखी मुली येऊ द्या, असे त्यांचे म्हणणे. सुब्बारावांनी कॉलेजकडून तशी जाहिरात द्यावयास लावली, आणि लीलम्मा जॉर्ज व पी. के. त्रेस्या या दोघी सिव्हिल इंजिनिअरिंगला दाखल झाल्या. त्या ललिताबाईंच्या एक वर्ष मागे होत्या. पण महायुद्धाच्या धामधुमीत अभ्यासक्रम काही महिन्यांनी आटोपता घेण्यात आला आणि तिघींची पदवी जवळजवळ बरोबरच झाली. यांपैकी त्रेस्याबाई पुढे, १९७१ साली, केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या चीफ इंजिनिअर झाल्या. आपल्याकडे मुंबईच्या व्हीजेटीआयमधून शकुंतला भगत सिव्हिल इंजिनिअर झाल्या तो १९५३ सालचा सुमार, म्हणजे गिंडीच्या मुलींनंतर सुमारे दहा वर्षांनी.

ललिताबाईंच्या पदवीपत्राची गंमत येथे सांगितली पाहिजे. या पदवीचे कागद छापून ठेवलेले असत आणि त्यांत विद्यार्थ्याचा उल्लेख इंग्रजीतील पुरुषवाचक सर्वनामाने केलेला होता. मुलगी कधी येईल असे छापणाऱ्याच्या ध्यानीमनीही नव्हते. तेव्हा छापील शब्दावर शाईची रेघ ओढून ‘तो’ चा ‘ती’ हाताने करण्यात आला. खाडाखोड केलेले सरकारी कागद आपल्याला परत करावे लागतात, पण हा कागद त्या खाडाखोडीसाठीच जपून ठेवण्यासारखा झाला.

पदवीबरोबर प्रत्यक्ष कामाचे एक वर्ष काढणे आवश्यक होते. ते त्यांनी बिहारात जमालपूरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये काढले. १८६२ पासून चालत आलेला हा प्रचंड कारखाना. आगगाडीची इंजिने तेथे खोलून दुरुस्त होत. १९४४ साली त्या सिमल्यास केंद्रीय प्रमाणसंस्थेत नोकरीस लागल्या आणि लंडनच्या विद्युत्-अभियंत्यांच्या संस्थेची परीक्षाही तेथून दिली. पुढे काही काळ त्या मद्रासेस येऊन वडिलांना संशोधनात साह्य करीत होत्या. सुब्बारावांचे डोके अनेक गोष्टींत चाले. विजेवर वाजणारे एक वाद्य आणि बिनधुराची चूल ही त्यांतली दोन कामे. फुंकणीने डोळे चुरचुरून घेतलेल्या बायकांना चुलीचे संशोधन वाद्यापेक्षा अधिक मोलाचे वाटेल. पण त्यात कायमची मिळकत नव्हती.

१९४८ साली ललिताबाई कलकत्त्यास असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या विलायती कंपनीत इंजिनिअर झाल्या. तेथे त्यांचे एक बंधू राहत असल्यामुळे मुलीसह त्यांच्या बिऱ्हाडी राहता आले. पुढील जवळजवळ तीस वर्षे त्यांनी हेच काम केले. ते काय होते हे थोडे समजून घेऊ. वीज धरणापाशी किंवा कोळशाच्या केंद्रात तयार होते. ती शेकडो मैल तारांवरून शहरात आणावी लागते. वाटेत तारा तापतात आणि तेवढी वीज फुकट जाते. वीज तेवढीच ठेवून दाब दुप्पट केला, तर प्रवाह निम्मा होतो आणि तारेतील नुकसान चौथ्या हिश्श्यावर येते. म्हणून मनोऱ्यांवरून वीज फार मोठ्या दाबाने नेतात आणि गावाजवळच्या उपकेंद्रात तो दाब उतरवून मग घरी देतात. तार कोणती, कोणती वस्तू दुसरीपासून किती अंतरावर, वीज कडाडली किंवा तार तुटली तर प्रवाह आपोआप बंद कसा पडावा, हे सारे आधी कागदावर बसवावे लागते. एक आकडा चुकला तर यंत्र जळते किंवा माणूस दगावतो. अशा वाहिन्यांचे आराखडे, उपकेंद्रांची मांडणी आणि मोठ्या मागण्यांची पूर्तता हे ललिताबाईंचे काम. सतलजवरील भाक्रा-नांगल प्रकल्पाच्या विद्युत्-कामातही त्यांचा हात होता. १९६३ साली नेहरूंनी ते धरण राष्ट्राला अर्पण केले, त्या समारंभाची वर्णने आपण वाचली. आराखड्याच्या टेबलापाशी एक विधवा बाई बसली होती हे फार थोड्यांना ठाऊक होते.

लंडनच्या संस्थेने १९५३ साली त्यांना सहसभासद आणि १९६६ साली पूर्ण सभासद करून घेतले. १९६४ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला स्त्री-इंजिनिअर व शास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. पस्तीस देशांतील स्त्रिया आल्या होत्या. भारतात स्त्री-इंजिनिअरांची संघटनाच नव्हती, तेव्हा ललिताबाई स्वतःच्या हिमतीवर गेल्या. तेथील वार्ताहरांना त्यांनी न संकोचता सांगितले की, दीडशे वर्षांपूर्वी जन्मले असते तर नवऱ्याच्या चितेवर मला जाळले असते. परदेशी माणसांपुढे आपल्या समाजाचे असे उणे काढावे का, असे कोणी म्हणेल. पण त्यांनी गाऱ्हाणे मांडले नव्हते. अंतर मोजून दाखविले होते, आणि मोजण्याचा अधिकार त्यांच्याइतका कोणाला होता?

परतताना त्या विलायतेत उतरल्या आणि आपल्या कंपनीचे कारखाने पाहून आल्या. १९६५ साली लंडनच्या स्त्री-इंजिनिअर संस्थेच्या त्या सभासद झाल्या. दुसरी परिषद १९६७ साली केंब्रिजला होणार होती. या वेळी एकटे जायचे नाही, या निश्चयाने भारतातील स्त्री-इंजिनिअरांना शोधून काढण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले.

मुलगी कलकत्त्यास मामेभावंडांत वाढली, शिकली. नोकरी पत्करताना मनाशी बांधलेला संध्याकाळी घरी परतण्याचा बेत तेथे साधला होता. १९७७ साली ललिताबाई निवृत्त झाल्या, आणि दोन वर्षांनी, १२ ऑक्टोबर १९७९ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.