डब्ल्यू.ई.बी. डू बॉइस

विल्यम एडवर्ड बर्गहार्ट डू बॉइस (२३ फेब्रुवारी, इ.स. १८६८:ग्रेट बॅरिंग्टन, मॅसॅच्युसेट्स, अमेरिका - २७ ऑगस्ट, इ.स. १९६३:आक्रा, घाना) हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ, इतिहासकार व संपादक होते. वंशभेद हा केवळ कृष्णवर्णीयांचा प्रश्न नसून गौरवर्णीयांना जन्माने लाभणाऱ्या विशेषाधिकारांचाही प्रश्न आहे, हा विचार त्यांनी सार्वजनिक चर्चेत आणला.

शिक्षण

टेनेसी राज्यातील फिस्क विद्यापीठातून ते इ.स. १८८८मध्ये पदवीधर झाले. दक्षिणेकडील उघड वंशभेद त्यांनी तेथे प्रथम अनुभवला. इ.स. १८९५मध्ये हार्वर्ड विद्यापीठाची पीएच.डी. मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले.

फिलाडेल्फियातील पाहणी

इ.स. १८९६मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने फिलाडेल्फिया शहरातील कृष्णवर्णीय वस्तीच्या अभ्यासाचे काम त्यांच्याकडे सोपवले. त्यांनी वस्तीतच बिऱ्हाड केले आणि घरोघर जाऊन सुमारे २,५०० कुटुंबांची माहिती स्वतः गोळा केली. दारिद्र्य व गुन्हेगारी यांचे मूळ वंशात नसून गुलामगिरीच्या वारशात आणि नोकऱ्यांतील भेदभावात आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. 'द फिलाडेल्फिया नीग्रो' हा त्यांचा ग्रंथ इ.स. १८९९मध्ये प्रसिद्ध झाला.

संशोधनाकडून लोकजागृतीकडे

त्याच वर्षी जॉर्जिया राज्यात सॅम होज या कृष्णवर्णीय मजुराला जमावाने जिवंत जाळले. तेव्हा अटलांटा विद्यापीठात अध्यापन करणारे डू बॉइस या प्रकरणी निवेदन देण्यासाठी एका वृत्तपत्राच्या कार्यालयाकडे निघाले. होज यांच्या बोटांची हाडे एका दुकानात प्रदर्शनास ठेवल्याचे वाटेत कळताच ते परत फिरले. लोकांना सत्य ठाऊक झाले की अन्याय थांबेल, हा त्यांचा विश्वास या घटनेने डळमळला. इ.स. १९०९मध्ये 'नॅशनल असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल' या संस्थेच्या स्थापनेत त्यांनी भाग घेतला. तिच्या 'द क्रायसिस' या मासिकाचे ते इ.स. १९१० ते १९३४ या काळात संपादक होते. पहिल्या अंकाच्या १,००० प्रती निघाल्या होत्या, इ.स. १९१९पर्यंत खप सुमारे १,००,०००वर पोहोचला.

विशेषाधिकाराची मीमांसा

'ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन इन अमेरिका' (इ.स. १९३५) या ग्रंथात त्यांनी गरीब गौरवर्णीय मजुरांच्या स्थितीचे विवेचन केले. त्यांना पैशाच्या रूपाने वेतन तुटपुंजे मिळे. परंतु समाजात मान, सार्वजनिक स्थळी मुक्त प्रवेश आणि चांगल्या शाळा मिळत. डू बॉइस यांनी या लाभांना एक प्रकारचे वेतनच मानले. या लाभांमुळे दोन्ही वर्णांचे मजूर एकत्र येऊ शकले नाहीत, असे त्यांचे प्रतिपादन होते.

भारताशी संबंध

इ.स. १९४६मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांना पत्र लिहून अस्पृश्य व अमेरिकन कृष्णवर्णीय यांच्या स्थितीतील साम्य दर्शवले आणि संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. डू बॉइस यांनी सहानुभूतीपूर्वक उत्तर दिले.

अखेरची वर्षे

शीतयुद्धाच्या काळात त्यांच्यावर खटला झाला. त्यातून ते निर्दोष सुटले, तरी अनेक वर्षे त्यांना पारपत्र नाकारले गेले. इ.स. १९६१मध्ये ते घानात स्थायिक झाले. वॉशिंग्टन येथील ऐतिहासिक नागरी हक्क मोर्चाच्या आदल्या दिवशी, वयाच्या ९५व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मोर्चाच्या व्यासपीठावरून हे वृत्त जाहीर करण्यात आले.