म्वासाँचा हिरा

फ्लुओरिनचा पाठ घेताना मी फळ्यावर १८८६ हे साल लिहितो आणि थांबतो. हेन्री म्वासाँची हकिकत सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही.

१८५२ साली पॅरिसमध्ये, रेल्वेतल्या एका साध्या नोकरदाराच्या घरी तो जन्मला. आई शिवणकाम करी. प्रमाणपत्रावाचून शाळा सुटली आणि पोरगा औषधांच्या दुकानात उमेदवारीला लागला. (मागच्या बाकावरची मंडळी इथे कान टवकारतात.) राहिलेली परीक्षा त्याने पुढे दिली. ज्या फ्लुओरिनपायी कित्येकांनी प्रकृती घालवली, तो वायू अखेर त्याने वेगळा केला. पण अकादमीचे परीक्षक आले त्या दिवशी एक बुडबुडा निघेल तर शपथ! त्याने आम्ल इतके शुद्ध केले होते, की त्यातून वीजच वाहीना. पोटॅशियमचे लवण मिसळले तेव्हा कुठे अब्रू राहिली.

मग त्याला हिऱ्याचे वेड लागले. अ‍ॅरिझोनातील कॅन्यन डायब्लोच्या लोह-अशनीत हिरे सापडले होते. वितळलेल्या लोखंडात कार्बन विरघळवून ते एकदम थंड केले, तर आकसणाऱ्या कवचाच्या दाबाने आत हिरा बनेल, हा त्याचा तर्क. विजेच्या भट्टीतली धगधगती मूस त्याने पाण्यात बुडवली आणि १८९३ मध्ये हिरे झाल्याचे जाहीर केले. ते हिरे नव्हते, असेच आज बहुतेक मानतात. अशनीतले हिरे जमिनीवर आदळल्याच्या धक्क्याने झालेले आहेत.

तरी त्याने ती अशनी सोडली नाही. तिचा ५३ किलोचा तुकडा आम्लात विरघळवला, तेव्हा गाळात त्याला सिलिकॉन कार्बाइडचे स्फटिक दिसले. हे साल १९०४. पुढच्याच वर्षी त्या खनिजाला त्याचे नाव मिळाले, १९०६ मध्ये नोबेल मिळाले आणि १९०७ च्या फेब्रुवारीत आंत्रपुच्छाच्या दुखण्याने तो गेला. वय अवघे चोपन्न. पाठीमागे शंका उरली: ते स्फटिक अशनीतले, की घासायच्या कार्बोरंडमचे?

ही शंका मला रास्त वाटते. पण १९८७ मध्ये मरे या दगडी अशनीत तेच खनिज सापडले आणि या वेळी साक्षीला समस्थानिके होती. सूर्यकुलात कार्बन-१३ च्या एका अणूमागे कार्बन-१२ चे सुमारे ८९ अणू असतात. या कणांत ते प्रमाण कणागणिक निराळे निघाले. म्हणजे हे कण सूर्याच्याही आधीचे, दुसऱ्या ताऱ्यांभोवती बनलेले.

कॅन्यन डायब्लोचा कार्बन मात्र इतका परका नाही. तिथल्या ग्रॅफाइटात कार्बन-१३ थोडा जास्त, शेजारच्या कोहेनाइटात थोडा कमी, एवढाच भेद. एकाच लोखंडात सावकाश निवताना झालेली ती वाटणी आहे. म्वासाँने घाईने बुडवलेली मूस मला इथे हटकून आठवते.